एक बैल तुझा, एक माझा : संयुक्त उपक्रम करण्याआधी

नाशिक रोडला कुणाला विचारलं, "मुलगा कुठे असतो?" आणि उत्तर आलं, "प्रेसमध्ये," की पुढचं विचारावं लागत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून या गावाच्या अंगवळणी पडली आहे. नोटा कुठे छापतात हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या नोटांचा कागद कुठून येतो, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण आपला आजचा विषय त्यात अगदी स्वच्छ दिसतो.

देशात नोटा छापणाऱ्या संस्था दोन. एक, केंद्र सरकारची सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली आणि नाशिक रोडच्या दोन्ही प्रेस तिच्याकडे आल्या. दुसरी, रिझर्व्ह बँकेच्या मालकीची भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण. तिचे छापखाने म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधल्या सालबोनीला आहेत. दोघींचं काम एकच, दोघींना लागणारा खास कागदही एकच, आणि तो मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावा लागे. २०१० मध्ये दोघींनी निम्मा-निम्मा हिस्सा घालून तिसरी कंपनी काढली : बँक नोट पेपर मिल इंडिया. गिरणी म्हैसूरला, क्षमता वर्षाला १२,००० टन. नाशिक रोडची प्रेस नाशिक रोडचीच राहिली, सालबोनीची सालबोनीची. एकत्र आला तो फक्त कागद.

संयुक्त उपक्रम म्हणतात तो हा. दोन स्वतंत्र धंदे आपापलं घर न मोडता एका ठराविक कामापुरते एकत्र येतात, त्या कामापुरतं भांडवल घालतात, त्या कामापुरता नफा-तोटा वाटून घेतात.

शिंदे-पळसे, अंबड, सिन्नर या पट्ट्यातल्या लहान उद्योजकांची कागदपत्रं मी बरीच वर्षं बघतो आहे. "दोघं मिळून काहीतरी करू" असं ठरवून लोक कामाला लागतात आणि माझ्याकडे येतात ते बहुधा वाद सुरू झाल्यावर. आधी आले असते तर मी त्यांना जे सांगितलं असतं ते इथे लिहितो. सगळ्याचा गाभा एवढाच : कोणती एक उणीव भरून काढायची आहे ते नेमकं ठरवा, आणि सुरुवात करतानाच शेवट लिहून ठेवा.

सावड आठवा

आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही कल्पना नवीन नाही. ज्यांच्याकडे एकेकच बैल असे, असे दोघं सावड करत. दोघांचे बैल एका औताला जुंपायचे. आज तुझं रान, उद्या माझं. पेरणी आटोपली की बैल आपापल्या गोठ्यात. या सगळ्यात बांध मोडत नसे, सातबारा एक होत नसे.

भागीदारी आणि संयुक्त उपक्रम यांतला फरक इथे कळतो. भागीदारीत आपण रानच एक करतो. संयुक्त उपक्रमात बैल जुंपतो, रान वेगळं ठेवतो. म्हणूनच बैल कुणाचा, वैरण कुणाची, आणि पेरणी संपली हे कशावरून समजायचं, हे तीन प्रश्न आधीच सुटलेले हवेत.

कंपन्या एकत्र का येतात

पहिलं कारण : एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही. नाशिकचंच ताजं उदाहरण घ्या. ट्रान्सफॉर्मरला लागणारं विशेष विद्युत पोलाद बनवणारा, पूर्वी थिसनक्रुपचा असलेला कारखाना आपल्या जिल्ह्यात आहे. तो ४,००० कोटींहून जास्त रुपयांना विकत घेण्याचा करार २०२४ मध्ये जाहीर झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झाला. घेणारी कंपनी जेएसडब्ल्यू स्टील आणि जपानची जेएफई स्टील यांच्या निम्म्या-निम्म्या संयुक्त उपक्रमाची आहे. जेएफईकडे हे पोलाद बनवायचं तंत्र आहे. जेएसडब्ल्यूकडे भारतातला व्याप, बाजारपेठ आणि इथे काम उभं करण्याचा अनुभव आहे.

दुसरं कारण : खर्च एकट्याला न पेलणारा. नोटांच्या कागदाची गिरणी ही या प्रकारातली. गावातली सामाईक विहीर अशीच असते. खोदाई परवडत नाही म्हणून दोघा भावांनी मिळून खोदली, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, शेतं मात्र आपापली. विहीर चालते ती पाळ्या पक्क्या असतात तोवर. पाळी तोंडी राहिली की पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात मोटरीच्या वायरवर भांडण येतं.

तिसरं कारण : दार उघडायला. सरकारी निविदेत उलाढालीची आणि पूर्वानुभवाची अट असते. एकट्याचा आकडा बसत नाही, दोघांचा मिळून बसतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांच्या निमित्ताने नाशिकमधल्या अनेक ठेकेदारांपुढे हा विचार आहे. त्यांना माझं सांगणं : आधी निविदेत संयुक्त उपक्रमाला परवानगी आहे का ते वाचा, कारण प्रत्येक निविदेत ती नसते. आणि 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार' हे शब्द दिसले तर थांबून दोनदा वाचा. जोडीदाराने काम अर्धवट टाकलं तर सगळी वसुली तुमच्या एकट्याकडून होऊ शकते, असा त्यांचा अर्थ आहे. तुमचा हिस्सा ३० टक्के असला तरी.

या तीनपैकी एकही कारण तुम्हाला लागू होत नसेल, नुसता "मित्र चांगला आहे, पैसे पडून आहेत" एवढाच आधार असेल, तर संयुक्त उपक्रम करू नका. यंत्र भाड्याने घेऊन, जॉबवर्क देऊन किंवा पुरवठ्याचा साधा करार करून तेच काम कमी गुंत्यात होतं.

लोगनकडून शिकण्यासारखं

२००७ मध्ये नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून लोगन नावाची मोटार बाहेर पडली, ती अनेकांना आठवत असेल. महिंद्रा आणि फ्रान्सची रेनॉ यांच्यात २००५ मध्ये करार झाला होता. महिंद्राचे ५१ टक्के, रेनॉचे ४९. महिंद्राची ओळख जीप आणि मोठ्या गाड्यांची, घरगुती मोटार त्यांच्याकडे नव्हती. रेनॉकडे मोटार होती, पण भारतात कारखाना आणि विक्रीचं जाळं नव्हतं. एकेका बैलाचे दोन शेतकरी, अगदी नमुनेदार.

मग अडलं कुठे? २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि ठराविक इंजिनाच्या मोटारींचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. लोगन सव्वाचार मीटरच्या आसपास होती, म्हणून तिला ही सवलत मिळाली नाही. पहिल्या वर्षानंतर खप घसरत गेला. एप्रिल २०१० मध्ये रेनॉने आपला हिस्सा महिंद्राला विकला. २०११ पासून ही मोटार व्हेरिटो या नावाने विकली जाऊ लागली, आणि चार मीटरच्या आत बसवलेलं तिचं व्हाइब हे रूप २०१३ मध्ये आलं, म्हणजे सगळी मालकी महिंद्राकडे आल्यावर.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शेवटचा आहे. रेनॉ गेली तरी कारखाना बंद पडला नाही. परवाना चालू राहील आणि महत्त्वाचे सुटे भाग मिळत राहतील, अशी व्यवस्था दोघांनी केली. ज्यांनी मोटार घेतली होती त्यांचे पार्ट अडले नाहीत, लाइनवरच्या कामगाराचं काम थांबलं नाही. उपक्रम फसला, पण दोन्ही घरं शाबूत राहिली.

दीर्घ काळ टिकलेले उपक्रमही संपतातच. पुण्याची किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९९७ मध्ये किर्लोस्करांचा हिस्सा कमिन्सने घेतला. पस्तीस वर्षं चाललेल्या सोबतीला कुणी अपयश म्हणणार नाही. संपणं हा उपक्रमाचा दोष नसतो. कसं संपायचं ते न ठरवणं हा दोष असतो.

आता तुमच्या शेडमध्ये येऊ

एक काल्पनिक उदाहरण आकड्यांनिशी बघू. मोठ्या कंपन्यांत कोट्यवधींवर होतं तेच इथे हजारांत होतं.

शिंदे गावाजवळ एकाची शेड आहे, त्यात एक व्हीएमसी मशीन, आजची किंमत १६ लाख. त्याला आपण यंत्रवाला म्हणू. दुसऱ्याकडे एका मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड आहे, ऑर्डर आहेत, पण मशीन कमी पडतं. हा ऑर्डरवाला. यंत्रवाल्याने मशीन घातलं, ऑर्डरवाल्याने १६ लाख रोख घातले, निम्मा-निम्मा हिस्सा ठरला. "अण्णा, आपल्यात कसला कागद?" असं म्हणून काम सुरू झालं.

सहा महिन्यांनी दोन गोष्टी उघड होतात. पहिली : यंत्रवाल्याची जुनी गिऱ्हाइकं आहेत, त्यांचे नग तो रात्रपाळीला त्याच मशीनवर काढतो. महिन्याला ५० तास धरा. मशीनचा दर तासाला ४५० रुपये धरला तर महिन्याचे २२,५०० आणि वर्षाचे २,७०,००० झाले. त्यातले निम्मे, १,३५,००० रुपये, ऑर्डरवाल्याचे आहेत. यंत्रवाल्याच्या मनात मात्र "माझंच मशीन, रात्री रिकामंच होतं" एवढंच असतं. त्यात लबाडी नाही. मशीन आता उपक्रमाचं झालं, हे कुणी लिहिलेलंच नाही.

दुसरी : मोठ्या कंपनीकडून ऑर्डरवाल्याला नगाला १०० रुपये मिळतात, उपक्रमाला तो ८५ देतो. महिन्याला ४,००० नग, म्हणजे ६०,००० रुपये त्याच्या जुन्या फर्ममध्ये राहतात. त्याचंही म्हणणं चुकीचं नाही. दोन-दोन महिने उधारी तो सांभाळतो, रिजेक्शन आलं की शिव्या तो खातो. पण त्या कष्टाची किंमत १५ रुपये की ५? ५ ठरली असती तर त्याने २०,००० घेतले असते आणि उरलेले ४०,००० उपक्रमात आले असते.

इथे कागद आधी काय करू शकला असता ते पाहा. मशीन उपक्रमात घालतो आहे की भाड्याने देतो आहे, हे एका वाक्यात. स्वतःचं काम काढलं तर तासाचा दर काय, हे दुसऱ्या वाक्यात. ऑर्डरवाल्याचं कमिशन किती टक्के, हे तिसऱ्या. लॉगबुक दोघांच्या सहीचं, हे चौथ्या. अर्ध्या पानात मावणारा मजकूर आहे हा. तो नसल्यामुळे वीस वर्षांची मैत्री बिटको चौकातल्या चहाच्या टपरीवर एकमेकांकडे पाठ फिरवून उभी राहिलेली मी पाहिली आहे.

आणखी एक खाचखळगा. व्हेंडर कोड ज्या फर्मच्या नावावर आहे तिचाच असतो. तुम्ही नवी कंपनी काढली म्हणून तो आपोआप तिच्याकडे येत नाही. मोठी कंपनी नव्या पुरवठादाराची पाहणी, नमुने, गुणवत्तेची तपासणी सगळं नव्याने करते. त्या काळात बिलं कुणाच्या नावाने निघणार, जीएसटी कोण भरणार, हे आधी ठरवा.

हिस्सा किती ठेवायचा

निम्मा-निम्मा हिस्सा ऐकायला न्यायाचा वाटतो, पण मतभेद झाला की गाडी जागीच उभी राहते. म्हणून अनेकजण ५१-४९ करतात. भारत आणि रशियाच्या ब्राह्मोस उपक्रमात १९९८ पासून भारताचे ५०.५ आणि रशियाचे ४९.५ टक्के आहेत. याच ब्राह्मोससाठी बदल केलेलं सुखोई विमान २०१६ च्या जूनमध्ये क्षेपणास्त्रासह प्रथम उडालं ते आपल्या नाशिकमधून. अर्ध्या टक्क्याचा अर्थ तिथे किती मोठा असेल, विचार करा.

खासगी मर्यादित कंपनीत साधा ठराव बहुमताने होतो. नियमावली बदलण्यासारख्या विशेष ठरावाला मात्र झालेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे तुमच्याकडे २६ टक्के असले तर विशेष ठराव तुम्हाला डावलून होऊ शकत नाही. पण रोजच्या कारभारात २६ टक्क्यांना आवाज नसतो. म्हणून हिस्सा कमी असेल तर करारात यादी घाला : कर्ज काढणं, मशीन विकणं, नवा भागधारक आणणं, नातेवाइकाला पगारावर घेणं, या गोष्टी दोघांच्या सहीशिवाय नाहीत.

रचना कोणती

नुसता करार : एखादं ठराविक काम असेल तर हे सोपं. पण नफा-तोटा एकत्र करून वाटून घेतलात तर प्राप्तिकर खातं तुम्हाला 'व्यक्तींचा समूह' मानून वेगळा कर लावू शकतं. शक्यतो प्रत्येकाचं काम, खर्च आणि बिल वेगळं ठेवा आणि सही करण्याआधी सीएला दाखवा.

भागीदारी फर्म : १९३२ च्या कायद्याने प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्यांना जबाबदार असतो, घरादारासकट. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही, भागीदारालाही करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर लावता येत नाही. नोंदणी करूनच घ्या.

एलएलपी : २००८ च्या कायद्याने आली. जबाबदारी मर्यादित, कारभार सुटसुटीत. उलाढाल झाली नसली तरी दरवर्षी विवरणपत्रं भरावीच लागतात. विसरलात तर दंड दिवसागणिक वाढतो.

खासगी मर्यादित कंपनी : पुढे बँकेचं मोठं कर्ज, बाहेरचा गुंतवणूकदार किंवा परदेशी जोडीदार येणार असेल तर हीच. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुमच्या दोघांच्या करारात शेअर विकण्यावर जी बंधनं आहेत ती कंपनीच्या नियमावलीतही, म्हणजे आर्टिकल्समध्येही, आली पाहिजेत. नाहीतर ती कंपनीवर बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज खटल्यात सांगितलं आहे. करार फायलीत आणि आर्टिकल्स छापील नमुन्यातलं, अशी जोडी मी फार वेळा बघतो.

बाहेर पडायची वाट

हे कलम लिहिताना लोकांना अवघडल्यासारखं होतं. मुहूर्ताच्या दिवशी वेगळं होण्याची भाषा कशाला, असं वाटतं. पण दोघांची मनं एकमेकांबद्दल स्वच्छ असतात ती याच दिवशी. नंतर हा मजकूर शांतपणे लिहिता येत नाही.

चार गोष्टी लिहा.

१. किती वर्षं कुणीच बाहेर पडायचं नाही. दोन किंवा तीन वर्षं पुरतात.

२. विकायचं झालं तर पहिला हक्क जोडीदाराचा. किंमत कोण ठरवणार, त्या मूल्यांकन करणाऱ्याची निवड कशी होणार, पैसे किती दिवसांत द्यायचे.

३. कोंडी झाली तर काय. आपल्या घरांत एक जुनी रीत आहे : थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. वाटे करणारा मग आपोआप सारखे करतो. कंपनीतही हे चालतं. एकाने शेअरचा भाव सांगायचा. त्या भावाने विकायचं की विकत घ्यायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. फक्त ज्याच्याकडे रोकड जास्त त्याचं पारडं इथे जड होतं, म्हणून पैसे उभे करायला निदान ९० दिवसांची मुदत द्या. वाद मिटला नाहीच तर लवाद नाशिकमध्ये बसेल, एवढंही लिहा. मुंबईच्या फेऱ्या दोघांनाही परवडत नाहीत.

४. बँकेची हमी. कंपनी मर्यादित जबाबदारीची असली तरी बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते. तुम्ही शेअर विकून बाहेर पडलात म्हणून ती हमी सुटत नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी हिस्सा विकून तीन वर्षं झाली होती आणि थकलेल्या कर्जाची नोटीस त्यांच्या दारात आली. ते पत्र दाखवताना त्यांचा हात थरथरत होता. बँकेकडून हमीमुक्तीचं लेखी पत्र हातात पडल्याशिवाय शेअर हस्तांतरावर सही करू नका.

याशिवाय डाय, फिक्श्चर, ड्रॉइंग आणि ब्रँडचं नाव शेवटी कुणाकडे जाणार, तेही लिहा. कामगारांची थकीत देणी आधी, आपली वाटणी नंतर, हे वाक्यही असू द्या.

वकिलाकडे जाण्याआधी

एक सोपं काम करा. दोघं एका रविवारी भेटा, पण सुरुवातीचा अर्धा तास बोलू नका. दोन कोरे कागद घ्या आणि आपापल्या कागदावर पाच उत्तरं लिहा : माझ्याकडे काय नाही म्हणून मी याच्याकडे आलो? मी काय घालणार आणि त्याची आजची किंमत किती? माझा स्वतःचा धंदा आणि हा उपक्रम यांत टक्कर कुठे होईल? किती तोटा झाला की मी थांबेन? आणि काम संपलं हे मी कशावरून ओळखेन?

मग कागद बदला आणि एकमेकांचे वाचा. उत्तरं जिथे जुळत नाहीत त्या जागी लाल पेनाने खूण करून ठेवा. तेवढ्याच मुद्द्यांवर बोला, आज नाही जमलं तर पुढच्या रविवारी पुन्हा बोला. तोटा कुठे थांबवायचा या चौथ्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त लाल खुणा होतात, तिथे घाई करू नका. सगळ्या खुणा मिटल्या की ते दोन कागद घेऊन वकिलाकडे आणि सीएकडे जा. तुमच्या कराराचा खरा मसुदा तेच दोन कागद असतील.